सुई आपली, काम त्यांचं

चि. मुक्ता हिस,


तुझा मेल वाचला. वादविवाद स्पर्धेत तुला चिठ्ठीनं 'फाशीपेक्षा इंजेक्शन माणुसकीचं' ही बाजू आली आणि तू लिहिलंस, "आजी, तू जन्मभर माणसांना झोपवलंस, मुद्दे तूच दे." देते. पण ते तुझ्याच बाजूला पडतील असं नाही. फोनवर तू मला पुरं बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. लांबलं तर दोन बैठकांत वाच.

एक गोष्ट आधीच बाजूला ठेवते. देहदंड असावा की नसावा, हा वाद मी इथे घालणार नाही. माझं मत तुला ठाऊक आहे, तुझ्या बाबाचं बरोबर उलटं आहे आणि त्या वादात दर दिवाळीला आमचा चहा थंड होतो. मला बोलायचंय ते त्या सुईबद्दल. ती कोणी लावायची? देहदंड मान्य असलेल्या डॉक्टरलाही हा प्रश्न टाळता येत नाही.

तुमच्या फार्माकॉलॉजीच्या पुस्तकात थायोपेंटोन आता दोन परिच्छेदांत आटपलं असेल. आमच्या काळी भूल म्हणजे तेच, पेंटोथाल या नावानं. पिवळसर पावडरीची कुपी, त्यात डिस्टिल्ड वॉटर, किलोमागे तीन ते पाच मिलिग्रॅम. रुग्णाला आकडे मोजायला सांगायचं. वीसपर्यंत क्वचितच कोणी पोचायचं. काही जण डोळे मिटता मिटता सांगायचे, तोंडाला लसणासारखी चव आली. त्यानंतर स्नायू लुळे करणारं पॅनक्युरोनियम, श्वासनलिकेत नळी, आणि तिथून पुढे ऑपरेशन संपेपर्यंत त्या माणसाचा श्वास आपल्या हाती. पोटॅशियम क्लोराइड मात्र इतर कुप्यांपासून लांब ठेवायचं, कारण विरळ न करता ते भर्रकन शिरेत गेलं तर हृदय थांबतं. हे भूलशास्त्राच्या विभागात पाऊल टाकल्याबरोबर ऐकवलं जातं.

आता याच तीन गोष्टी याच क्रमानं द्यायच्या, पहिल्याचा डोस काही ग्रॅमवर न्यायचा आणि श्वासाची नळी तेवढी घालायची नाही. अमेरिकेत कित्येक वर्षं चाललेलं देहदंडाचं इंजेक्शन ते हेच. सगळं सामान आपल्या ट्रॉलीवरचं.

ही कल्पना कायद्यात आली १९७७ मध्ये, ओक्लाहोमा राज्यात. आदल्या वर्षी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं देहदंडाची वाट पुन्हा मोकळी केली होती आणि जानेवारी १९७७ मध्ये युटा राज्यात गॅरी गिलमोरला गोळ्या घालून ती सुरूही झाली होती. ओक्लाहोमात बिल वाइझमन नावाचा एक तरुण आमदार काही सौम्य मार्ग शोधत होता. त्यानं आधी राज्यातल्या डॉक्टरांच्या संघटनेला विचारलं. त्यांनी अंग काढून घेतलं. मग त्याची गाठ पडली जे चॅपमन यांच्याशी. हे राज्याचे मुख्य वैद्यकीय परीक्षक, म्हणजे शवविच्छेदनातले माणूस. आपल्याला मेलेल्या माणसांबद्दल कळतं, माणसं मारण्याबद्दल नाही, असं त्यांनी सुरुवातीला सांगितलं; तरी पुढे मजकूर सांगितलाच आणि आमदारानं तो लिहून घेतला. हाताच्या शिरेत सलाइन लावावं आणि त्यातून अगदी अल्पकाळ टिकणारं बार्बिच्युरेट (पेंटोथाल याच जातीचं) व स्नायू लुळे करणारं रसायन द्यावं. विद्यापीठातल्या भूलशास्त्राच्या एका प्राध्यापकानं पत्रातून दुजोरा दिला. पोटॅशियम चॅपमननी मागाहून जोडलं.

खोकल्याचं नवं औषध आणायचं तरी किती पायऱ्या चढाव्या लागतात हे तू शिकतेच आहेस. इथे ना प्रयोग, ना चाचणी, ना एखादी समिती. एकामागून एक राज्यांनी तो मजकूर जवळजवळ जसाच्या तसा उतरवून घेतला. ७ डिसेंबर १९८२ रोजी टेक्सासमधल्या हंट्सव्हिलच्या तुरुंगात चार्ल्स ब्रुक्सवर तो पहिल्यांदा वापरला गेला.

डॉक्टर मंडळींना यातला धोका आधी दिसलाच नव्हता असं मात्र नाही. १८८८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका सरकारी आयोगानं फाशीला पर्याय शोधताना इंजेक्शनचाही विचार केला होता. त्वचेखाली टोचायची सुई तेव्हा नवलाईची होती. डॉक्टरांनी विरोध केला: लोकांच्या मनात सुई आणि मरण यांची जोडी बसली तर उद्या रुग्ण दंड पुढे करणार नाहीत. आयोगानं इंजेक्शन सोडलं आणि विजेची खुर्ची धरली. ब्रिटनमध्ये देहदंडावरचा रॉयल आयोग १९४९ ते १९५३ या काळात बसला, त्यानंही इंजेक्शनचा पर्याय तपासला. ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं सांगितलं की कोणत्याही डॉक्टरला या कामाला लावू नका, आणि आयोगानं तो नाद सोडला. म्हणजे ओक्लाहोमाच्या आधी हा प्रश्न दोनदा विचारला गेला होता आणि दोन्ही वेळा त्याला वैद्यकीच्या बाजूनं नकारच मिळाला होता.

आता तुझ्या बाजूचा मुख्य मुद्दा: वेदना होत नाहीत. तो नीट तपासू.

पेंटोथाल पुरेसं आणि थेट शिरेत गेलं तर काही कळत नाही, हे खरं. सगळी मदार त्या 'पुरेसं' आणि 'थेट'वर आहे. ते अर्धवट गेलं आणि वर पॅनक्युरोनियम आलं, तर माणूस जागा असतो पण पापणीसुद्धा हलवू शकत नाही. छाती उचलत नाही, ओरडता येत नाही, आणि मग शिरेतून आग जावी तसं पोटॅशियम जातं. बाहेरून पाहणाऱ्याला दिसतं शांत झोपलेलं शरीर. ऑपरेशनच्या टेबलावर अशी जाग येणं हे आम्हा भूलतज्ज्ञांचं सगळ्यांत मोठं भय. त्यासाठीच आम्ही नाडी, रक्तदाब, घाम, बाहुल्या यांवर डोळा ठेवून डोक्याशी बसलेलो असतो. तुरुंगात डोक्याशी कोणी बसत नाही. औषध देणारा बऱ्याचदा भिंतीपलीकडे असतो आणि मध्ये लांबच लांब नळी.

पॅनक्युरोनियम मरणासाठी लागतही नाही. ते लागतं पाहणाऱ्यांसाठी, शरीराला आचके बसलेले दिसू नयेत म्हणून. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेनं २००० साली प्राण्यांना मरण देण्याच्या नियमांत बार्बिच्युरेटबरोबर स्नायू लुळे करणारं औषध मिसळायला मनाई केली. कुत्र्यासाठी जे गैर, ते माणसासाठी आणखी आठ-दहा वर्षं बिनदिक्कत चालू होतं. या विसंगतीकडे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात इंजेक्शनविरुद्ध लढल्या गेलेल्या २००८ च्या बेझ खटल्यात न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनीही बोट दाखवलं. तो खटला कैदी हरले, सात विरुद्ध दोन.

२००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक छोटा अभ्यास आला. देहदंड झालेल्या ४९ जणांच्या रक्तातलं थायोपेंटोन मोजलं होतं. ४३ जणांत ते शस्त्रक्रियेला लागतं त्यापेक्षा कमी होतं, २१ जणांत तर जागं असण्याइतकं कमी. त्यावर टीका झाली, आणि ती रास्त आहे: मेल्यानंतर औषध रक्तातून चरबीत, स्नायूंत उतरत राहतं, त्यामुळे उशिरा घेतलेल्या नमुन्यावरून आधीचं काही ठाम सांगता येत नाही. स्पर्धेत हा आकडा फेकायचा असेल तर टीकेसकट फेक. त्यापेक्षा भक्कम वाटतं ते पुढचं काम. एमरी विद्यापीठातले भूलतज्ज्ञ जोएल झिव्होट यांना शवविच्छेदनाच्या अहवालांत फुप्फुसं पाण्यानं भरलेली दिसायला लागली. २०२० मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओनं दोनशेहून अधिक अहवाल तपासले. त्यांतल्या ८४ टक्क्यांत तेच. फुप्फुसात पाणी चढलेला रुग्ण कसा बसतो, कसा हवेला धडपडतो, ते तू कॅज्युअल्टीत पाहशील. आणि ऑस्टिन सॅराट या प्राध्यापकांनी १८९० ते २०१० या काळातले अमेरिकेतले देहदंड तपासून फसलेल्यांची मोजणी केली आहे. फाशीत फसण्याचं प्रमाण सुमारे तीन टक्के, इंजेक्शनमध्ये सात टक्क्यांच्या वर. सगळ्या पद्धतींत सर्वांत जास्त. तुझ्या बाजूला हा आकडा जड जाणार आहे.

फसतं कुठे? बहुतेक वेळा शिरेत. आपल्या वॉर्डात एखाद्या म्हाताऱ्या बाईला व्हेनफ्लॉन लावताना तुम्हा मुलांचे हात कसे थरथरतात! तुरुंगातले पुष्कळ कैदी वर्षानुवर्षं स्वतःला नशेच्या सुया टोचून घेतलेले, त्यांच्या शिरा दोरीसारख्या कडक झालेल्या, कोणी लठ्ठ, कोणी भीतीनं गारठलेला. आणि लावणारा कोण? कधी पॅरामेडिक, कधी तुरुंगाचा कर्मचारी. २००९ मध्ये ओहायोत रोमेल ब्रूम याला दोन तास टोचत होते, अठरा वेळा. शेवटी नाद सोडून कोठडीत परत पाठवलं. तो माणूस २०२० मध्ये, बहुधा कोविडनं, गेला. अलाबामात २०२२ मध्ये केनेथ स्मिथची शीर मिळेना. जानेवारी २०२४ मध्ये त्याच्या तोंडावर मास्क बसवून नायट्रोजन सोडला.

क्लेटन लॉकेटचं प्रकरण जरा सविस्तर सांगते, कारण त्यात डॉक्टर हजर होता. २९ एप्रिल २०१४, पुन्हा ओक्लाहोमाच. लॉकेटबद्दल कळवळा यावा असा तो माणूस नव्हता. त्यानं एकोणीस वर्षांच्या मुलीला गोळ्या घालून जिवंत पुरायला लावलं होतं. हे विसरून बोललीस तर समोरची बाजू तुला एका वाक्यात गप्प करेल. त्या संध्याकाळी हात, मान, पाय सगळीकडे शीर शोधून झाली. अखेर डॉक्टरनं जांघेतल्या मोठ्या शिरेत सुई घातली. त्या जागेसाठी ती आखूड होती. वर, लज्जा राखायची म्हणून, चादर घातली. चादरीखाली सुई शिरेतून निसटली आणि औषध मांसात झिरपत राहिलं. दहा मिनिटांनी त्याला बेशुद्ध ठरवलं. मग तो बोलायला लागला, धडपडायला लागला. पडदा ओढून घेतला. डॉक्टरनं चादर उचलून पाहिलं तर गोल्फच्या चेंडूहून मोठी, टेनिसच्या चेंडूहून लहान अशी सूज. सुई टोचलेली जागा झाकायची नाही, हे आपल्याकडे पहिल्या वर्षाची नर्सही सांगेल. तुरुंगाच्या संचालकांनी देहदंड थांबवण्याचा हुकूम दिला, आणि सुरुवातीपासून ४३ मिनिटांनी लॉकेट मेला.

आता मध्ये जी मिनिटं गेली त्यांचा विचार कर. देहदंड थांबवलाय, माणूस अर्धमेला समोर आहे, आणि खोलीत एक डॉक्टर आहे. या क्षणी तो काय आहे? लॉकेट त्याचा रुग्ण आहे का? असेल तर नळी घाल, ऑक्सिजन दे, वाचव. नसेल तर तो पाच मिनिटांपूर्वी त्याच्या जांघेत काय करत होता? मी स्वतः कितीही फिरवून पाहिलं, तरी या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालेलं नाही. माझ्या मते ते नाहीच, आणि म्हणून त्या खोलीत डॉक्टरनं पाय ठेवू नये.

अमेरिकन मेडिकल असोसिएशननं १९८० मध्येच सांगून ठेवलं आहे की जीव वाचवण्याला वाहिलेल्या व्यवसायातल्या माणसानं कायदेशीर देहदंडात भाग घेऊ नये. वर्ल्ड मेडिकल असोसिएशननं १९८१ मध्ये तेच म्हटलं. भाग घेणं म्हणजे काय, याचीही अमेरिकन असोसिएशननं फोड केली आहे: औषध लिहून देणं, शीर निवडणं, लाइन लावणं, मॉनिटर पाहणं, लावणाऱ्याला सल्ला देणं, सगळं वर्ज्य. कैद्यानं मागितलं तर आधी मन शांत करणारी गोळी देणं चालेल. मृत्यूचा दाखला देणंही चालेल, पण मेला आहे हे आधी दुसऱ्या कोणीतरी जाहीर केलेलं असलं पाहिजे.

ही शेवटची अट मला सर्वांत मार्मिक वाटते. वॉर्डात आपण छातीला स्टेथोस्कोप लावून 'अजून ठोके आहेत' म्हणतो तेव्हा सगळे धावतात ते जगवायला. तिथे तेच वाक्य उच्चारलं की त्याचा अर्थ होतो, 'अजून द्या.'

कागदावर हे सगळं ठीक. पण अमेरिकेत देहदंड असलेल्या बहुतेक राज्यांचे कायदे डॉक्टरला हजर राहायला सांगतात किंवा राहू देतात, त्याचं नावही गुप्त ठेवतात. नॉर्थ कॅरोलायनाच्या मेडिकल बोर्डानं २००७ मध्ये अशा डॉक्टरांवर कारवाईचा इशारा दिला, तर राज्याच्या सुप्रीम कोर्टानं २००९ मध्ये बोर्डाचेच हात बांधले. भूलतज्ज्ञांचं बोर्ड जास्त खमकं निघालं: देहदंडात भाग घेतला तर प्रमाणपत्र काढून घेऊ, असं त्यांनी २०१० मध्ये जाहीर केलं. मला त्यांचा अभिमान वाटला, हे लपवत नाही.

तरीही जाणारे जातात. का जातात, हे कळायला तुला अतुल गवांदे यांचा लेख वाचावा लागेल. हे बॉस्टनचे सर्जन. वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. २००६ मध्ये त्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये लिहिलं, आणि लिहिण्याआधी देहदंडात भाग घेतलेले चार डॉक्टर व एक नर्स यांच्याशी बोलले. राक्षस कोणीच नव्हतं. एकाला सांगितलं होतं, फक्त हृदयाचा मॉनिटर बघायचा. तो गेला. आत शीर सापडेना, कर्मचारी टोचतायत, टोचतायत. सगळ्यांच्या नजरा याच्याकडे. यानं उठून लाइन लावली.

हा त्या बाजूचा सर्वांत प्रामाणिक मुद्दा आहे, आणि तो मी हलका करणार नाही. डॉक्टर निघून गेला म्हणून देहदंड थांबत नाही, फक्त अडाण्याच्या हाती जातो. माझ्यासमोर कोणी एखाद्याला अठरा वेळा टोचत असतं तर 'सरका, मी लावते' हे माझ्या तोंडून निघून गेलं असतं. हाताला सवयच ती. म्हणून तर म्हणते, दारातच थांबायचं. आत गेल्यावर आपली दयाच आपल्याला पुढे ढकलते: आधी मॉनिटर, मग शीर, मग डोस सुचवणं, मग 'अजून ठोके आहेत'.

आणि दया तरी कोणाच्या भल्याची? भूल देण्याआधी मी रुग्णाची सही घेते. टेबलावर चढूनही तो म्हणाला, 'डॉक्टर, नको, मला भीती वाटते', तर मी हात मागे घेते. अनेकदा घेतला आहे. सर्जन चिडतात, चिडू देत. त्या खोलीतला माणूस 'नको' म्हणाला तर मला थांबता येत नाही. मी कोणाचं ऐकायचं, तर जेलरचं. माझं ज्ञान तेच, औषध तेच, पण मी त्याच्यासाठी तिथे नसतेच. मग मला डॉक्टर कशाला म्हणायचं?

कॅलिफोर्नियात २००६ मध्ये कोर्टानंच तिढा पाडला. मायकेल मोरालेस, सतरा वर्षांच्या मुलीचा खुनी. न्यायाधीश जेरेमी फोगेल यांनी सांगितलं की तो खरंच बेशुद्ध आहे याची खात्री करायला जाणकार भूलतज्ज्ञ हजर ठेवा. दोघे तयार झाले. मग वरच्या कोर्टाच्या निकालातून दिसलं की तो जागा झाला तर त्यांनी नुसतं बघायचं नाही, पुढे होऊन औषध द्यायचं आहे. काही तास आधी दोघांनी अंग काढून घेतलं. देहदंड रद्द झाला आणि त्या राज्यात त्यानंतर आजतागायत एकही झालेला नाही. दोन माणसांच्या 'नाही'ला एवढं वजन असू शकतं.

औषधं बनवणाऱ्यांची 'नाही'सुद्धा अशीच कामाला आली, आणि इथे आपली मुंबई येते. अमेरिकेतल्या हॉस्पिरा कंपनीनं २०११ च्या सुरुवातीला थायोपेंटोन बनवणं सोडलं. इटलीतल्या कारखान्यात ते करायचं होतं आणि देहदंडाला माल जाणार असेल तर इटलीची परवानगी नव्हती. तुटवडा आधीच सुरू झाला होता आणि राज्यं जगभर शोधायला निघाली होती. लंडनमध्ये एका ड्रायव्हिंग स्कूलच्या मागच्या खोलीतून चालणाऱ्या व्यापाऱ्याकडून त्यांनी माल घेतला! मग मुंबईच्या केयम फार्मास्युटिकलकडून नेब्रास्कानं ५०० कुप्या घेतल्या. बोभाटा झाल्यावर एप्रिल २०११ मध्ये केयमनं हिंदू धर्माच्या मूल्यांचा हवाला देत जाहीर केलं की या कामासाठी आम्ही विकणार नाही. पुढे कोलकात्याच्या एका व्यापाऱ्यानं त्याच नेब्रास्काकडून ५० हजार डॉलरवर पैसे घेतले, पण अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तो माल देशात येऊ दिला नाही. युरोपीय संघानं २०११ च्या अखेरीस निर्यातीवर बंधनं घातली, फायझरनं २०१६ मध्ये आपली औषधं देहदंडासाठी देणं बंद केलं. राज्यं मग पेंटोबार्बिटल, मिडाझोलाम, जे मिळेल त्याकडे वळली, छोट्या फार्मसींकडून बनवून घ्यायला लागली आणि पुरवठादारांची नावं कायद्यानं झाकली.

मिसुरी तर २०१३ मध्ये प्रोपोफॉल वापरायला निघाली होती. ते बहुतांशी जर्मन कंपनीकडून यायचं, आणि युरोपनं निर्यात रोखली असती तर अमेरिकेतल्या प्रत्येक ऑपरेशन थिएटरमध्ये भुलेचे हाल झाले असते. गव्हर्नरनं बेत सोडला. एका माणसाला मारायचं औषध आणि लाखोंना झोपवायचं औषध एकाच कुपीत आलं की असं होतं.

आणखी एक, सुईशी संबंध नसलेलं पण आपल्या धंद्याशी घट्ट असलेलं. वेड्या माणसाला देहदंड देत नाहीत. मग मनोविकारतज्ज्ञानं औषध देऊन त्याला शुद्धीवर आणायचं का, म्हणजे मारता येईल? आर्कान्सासमध्ये चार्ल्स सिंगलटनच्या बाबतीत २००३ मध्ये कोर्टानं म्हटलं, चालेल. जानेवारी २००४ मध्ये त्याला इंजेक्शन दिलं. आपल्याकडे सुप्रीम कोर्टानं २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात मानसिक आजार हे फाशी रद्द करण्याचं कारण मानलं, ही आपली बरी बाजू.

आता आपल्याकडचं. आपल्या कायद्यात अजून फाशीच आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तसंच आलं. २००३ मध्ये विधी आयोगाच्या १८७ व्या अहवालानं मात्र फाशीबरोबर इंजेक्शनचाही पर्याय ठेवावा अशी शिफारस केली होती. २०१७ पासून सुप्रीम कोर्टात एक याचिका आहे, फाशी क्रूर म्हणून दुसरा मार्ग द्या अशी, आणि त्यात इंजेक्शनचं नाव आहेच. तुमच्या स्पर्धेचा विषय तिथूनच उचललेला दिसतो. केंद्र सरकार सांगत आलं आहे की फाशीच झटपट आणि सोपी आहे.

डॉक्टर मात्र आपल्याकडे आजही तिथे असतो. येरवड्याला किंवा नागपूरला फाशी होते तेव्हा दोराखाली उभं राहून मृत्यू झाला की नाही हे तुरुंगाचा वैद्यकीय अधिकारीच सांगतो. पूर्वी काही जेल मॅन्युअलमध्ये देह अर्धा तास लटकत ठेवा असा नियम होता. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ठरवलं की डॉक्टरनं मृत घोषित करेपर्यंतच ठेवायचा. त्या खटल्याचे याचिकाकर्ते कोण, तर परमानंद कटारा. फॉरेन्सिकमध्ये तू त्यांचं नाव वेगळ्याच निकालात शिकशील: अपघातातल्या जखमीला आधी उपचार, पोलिसांचे कागद मागाहून, हा १९८९ चा निकालही त्यांच्याच याचिकेवरचा. मृताच्या देहाची विटंबना थांबवणारा १९९५ चा निकाल चांगलाच आहे. फक्त अमेरिकन असोसिएशननं जिथे डॉक्टरला जाऊ नको म्हटलं, नेमक्या त्या जागी त्यानं आपला डॉक्टर पक्का केला, हे कोणी फारसं बोलत नाही.

आणि आपली नियमावली? तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत छळाला साथ देऊ नये असं एक कलम आहे. देहदंडाचा उल्लेखही नाही. उद्या इंजेक्शन आलंच, तर जिल्हा रुग्णालयातल्या कोणा तरुण भूलतज्ज्ञाच्या नावानं आदेश निघेल आणि त्याला 'नाही' म्हणायला हाताशी एक ओळही नसेल. याचिका करणारे, सरकार, न्यायाधीश यांच्यापैकी कोणीही अजून डॉक्टरांना नीट विचारलेलं नाही, आणि बहुतेक डॉक्टरही गप्प आहेत. मला राग आहे तो याचा.

तेव्हा स्पर्धेत बोल. वाट्याला आलेली बाजू नेटानं मांड. चिठ्ठीनं आलेली बाजू मांडल्यानं कोणी बिघडत नाही. फाशीही क्रूर आहे हे तुझ्याकडचं खरं हत्यार, ते वापर. 'वेदनारहित' हा शब्द मात्र वापरू नकोस, त्याला पुरावा नाही. गवांदेंचा लेख स्पर्धेआधी वाच. आणि तुमच्या कॉलेजात एथिक्स शिकवणाऱ्या सरांना वर्गात उभं राहून विचार की देहदंडाबद्दल आपल्या नियमावलीत काय आहे. त्यांनी 'परीक्षेला नाही' म्हटलं तर पुन्हा विचार. पुढे कधी सरकारी नोकरीत जेलच्या दवाखान्यात पोस्टिंग आली, तर जरूर घे. तिथल्या माणसांना डॉक्टर फार लागतो. खरूज, क्षय, झोप न येणं, सगळं आहे. मन लावून बघ त्यांना. पण त्यांतल्या एकाला मारायला शीर शोधून दे असा कागद समोर आला, तर सही करू नकोस, आणि का करत नाहीस ते लेखी दे.

तुझी,
नलूआजी